अंधारात डोळे उघडे ठेवलेस तर

आमच्या डहाणूच्या बाजूला जमीन हलायला लागली, त्या हिवाळ्यात आम्ही अंगणात ताडपत्रीखाली झोपत होतो. पुढे थंडीला आणि डासांना कंटाळून घरात परतलो. भिंतीला तडा गेला होता, पण रोज बघून त्याचंही काही वाटेनासं झालं. मांडणीवर स्टीलचे पेले उपडे, एकावर एक रचून ठेवायचे आणि ते कोसळले की बाहेर पळायचं, एवढीच आमची तयारी.

लेक पाच वर्षांची. तिला भूकंपाचं काही नव्हतं, भीती अंधाराची. दिवा घालवला की हिचं सुरू. "आई, लाव ना परत." मग पाणी, मग शू, मग पुन्हा पाणी. दिवसभर वाडीत चिकू निवडून माझी कंबर मोडलेली असायची. एका रात्री माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अंधारात डोळे उघडे ठेवलेस ना, की जमीन हलते. आम्हाला सगळ्यांना पळावं लागतं ते तुझ्यामुळे. कळलं?"

त्या रात्री तिने पुन्हा पाणी मागितलं नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आठवडाभर दिवा घालवला की ती डोळे घट्ट मिटून घ्यायची. पोरीची भीती मोडली म्हणून मी नवऱ्याजवळ फुशारकीही मारली.

मग एकदा नुकते आडवे झालो होतो, तोच पेले कोसळले. आम्ही धावत अंगणात. मला वाटलं नवऱ्याने तिला उचललंय, त्याला वाटलं मी. परत आत गेले तर ही अंथरुणातच, जागी, दोन्ही हात डोळ्यांवर दाबून. कौलांची माती अंगभर पडलेली. ओढत बाहेर आणलं आणि पाठीत धपाटा घातला. "पळाली का नाहीस गं?"

"मी उघडले नव्हते," ती म्हणाली. "खरंच आई, नव्हते उघडले. तरी हललं."

तेव्हा कुठे मला माझी लाज वाटली. तिला मांडीवर घेतलं आणि खरं सांगून टाकलं, की जमीन कुणामुळे हलत नाही, मी रागात खोटं बोलले. मला वाटलं, आता हिच्या मनावरचं ओझं उतरेल.

तिने जरा विचार केला. "मग मी डोळे मिटले तरी थांबणार नाही?"

"नाही."

"तू थांबवशील?"

"मला कसं थांबवता येईल गं?"

ती मांडीवरून उतरली आणि तेच बापाला जाऊन विचारलं. तो लगेच हो म्हणाला. ती त्याच्या कुशीत शिरली आणि झोपली. तेव्हापासून दिवा घालवायची वेळ झाली की ती त्यालाच हाक मारते.