खासदारांचा नवरा आणि करकंबजवळचं गाव

सोलापूर स्टेशनावर उतरलो आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. घ्यायला आलेल्या तात्यांनी पाहुण्यांच्या गळ्यात हार घातला, 'मी सरपंच' म्हणून ओळख करून दिली, मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, त्यांच्या नवऱ्याचं तेवढं मराठीत आणू नका. घरात बायामाणसं असत्यात."

पाहुणे अमेरिकेतले खासदार, आधी एका लहान शहराचे महापौर. समलिंगी आहेत आणि तसं उघड सांगतात. मी पुण्याहून दुभाषी म्हणून सोबत होते. पण इतक्या लांबून माणूस ऊस बघायला येतो, यावर माझा विश्वास नव्हता. श्रीपूरच्या रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर रुतला होता. पाहुणे उतरून ढकलायला लागले आणि त्यांच्या सहायकाने लगेच मोबाइल काढला. म्हटलं, आलं लक्षात, फोटोसाठी आलेत.

दुपारी करकंबजवळच्या गावात तात्यांच्या घरी जेवायला बसलो. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. वाढत होत्या तात्यांच्या पत्नी, सुनंदाबाई. त्यांनी सहज विचारलं, "घरी कोण कोण हाय त्यांच्या?"

तात्या माझ्याकडे रोखून बघत होते. पाहुण्यांनी जे सांगितलं, तेच मी मराठीत सांगितलं, "माझा नवरा. तो शाळेत शिकवतो."

सुनंदाबाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "मग लोकांनी मतं कशी दिली?"

पाहुणे जेवायचे थांबले आणि सांगू लागले. महापौरपदाच्या पहिल्या निवडणुकीत ते गप्प राहिले. जिंकले, पण कुणी बोलेल या धास्तीत वर्षं गेली. दुसऱ्या वेळी विरोधकांची कुजबूज सुरू झाली, तेव्हा भर सभेत स्वतःच सांगून टाकलं. थोडक्या मतांनी निवडून आले. खासदारकीला उभे राहिले तेव्हा पक्षातलेच म्हणाले, माहीत सगळ्यांना आहे, पण नवऱ्याला स्टेजवर आणू नका.

"मी आणलं," ते म्हणाले. "त्यानंतर मला घाबरवायला कुणाकडे काही उरलं नाही."

मी हे सांगून संपवलं. सुनंदाबाईंनी पाहुण्यांच्या ताटात दही वाढलं. मग तात्यांकडे न बघता म्हणाल्या, "त्यांनी नवऱ्याला ष्टेजवर घेतलं. मला माझ्या मालकाला ष्टेजवरनं उतरवायचं हाय. निवडून मी आले की. सरपंच मी हाय, ह्ये न्हाईत."

पाहुणे भाषांतराची वाट बघत होते. ज्यांच्या घरचं जेवत होते, त्यांच्यासमोर हे सांगणं मला अवघड वाटलं. तरी सांगितलं.

ग्रामपंचायतीतल्या कार्यक्रमाला तात्या सवयीने मधल्या खुर्चीकडे निघाले. तिथे सुनंदाबाई आधीच बसल्या होत्या. ते क्षणभर उभे राहिले, मग खाली पहिल्या रांगेत जाऊन बसले. सहायकाने याचाही फोटो काढला. उद्या खुर्चीत कोण असेल, याची मला शंका होतीच.

स्टेशनावर सोडायला तात्याच आले. गाडी फलाटाला लागली तेव्हा मला गाठून हळूच म्हणाले, "खरं सांगा मॅडम. ती नवऱ्याला ष्टेजवर आणल्याची गोष्ट त्यांनी सांगितली, का तुमी आन् आमच्या हिनं मिळून घातली मधे?"

त्यांचीच, असं मी म्हटलं. त्यांना ते पटलं नाही.

पुण्यापर्यंत मी विचार करत राहिले. दिवसभर मी प्रत्येकाकडे संशयाने बघितलं होतं, आणि तात्यांच्या लेखी सगळ्यांत संशयास्पद बाई मीच ठरले होते.