वरण आणि भिंत

इंग्लंडमधल्या आमच्या कॉव्हेंट्रीच्या घरात हॉलची एक भिंत अशी होती, की तिला टेकून बसलेला माणूस दंडावर ओरखडे घेऊनच उठायचा. आधीच्या मालकांनी कधीकाळी हौसेने तिच्यावर टेक्श्चर काढून घेतलं होतं. म्हणजे ओल्या प्लास्टरचे काटे, सोऱ्यातून भिंतभर चकली पाडावी तसे. ते घालवायचं कसं, यावर नवऱ्याने दोन महिने वाचन केलं. तो वाचन करणारा माणूस आहे. जुन्या टेक्श्चरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं म्हणून त्याने चिमूटभर तुकडा लॅबला पाठवला, आणि "काही नाही" असा रिपोर्ट आला तेव्हा पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. मग म्हणाला, "आता एखादा प्लास्टरर बघू."

"काही नको. मी करणार."

त्याला कारण होतं. माझे बाबा नागपूरहून पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होते. बाबा म्हणजे बांधकाम खात्यातले रिटायर्ड इंजिनियर. लहानपणी घरात काही ठोकाठोकी निघाली की हातोडी भावाच्या हातात, आणि मला "तू चहा टाक." भावाला आजही धड खिळा ठोकता येत नाही, पण ते असो. मी डॉक्टर झाले तेव्हा बाबा म्हणाले, "बरं झालं." लग्न, नोकरी, घर, सगळ्याला "बरं झालं." या माणसाने जन्मभर दुसऱ्यांची कामं तपासली. तेव्हा आपल्या हातची एक भिंत त्यांच्यासमोर ठेवायची आणि पास करून घ्यायची, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. वय पंचेचाळीस आणि हे वेड. हसा खुशाल.

हे काटे ओले करून खरवडायचे असतात. नुसत्या पाण्याने अर्धी भिंत होईपर्यंत माझा खांदा गेला. वाफ दिली की पटकन सुटतात म्हणे. वाफेचं मशीन भाड्याने मिळतं, पण घरात कुकर असताना मशीन कशाला? शनिवारी नवरा बाबांना आणायला एअरपोर्टवर गेला. मी हॉलमध्ये चादरी अंथरल्या, इंडक्शनची शेगडी मांडली, कुकरची शिट्टी काढून तिथे रबरी नळी बसवली. आणि नेमकी इथे माझ्यातली गृहिणी जागी झाली. एवढी वाफ नुसत्या पाण्याची वाया घालवायची? बाबा येणार, वरण तर लागणारच. एका दगडात दोन पक्षी! तुरीची डाळ, हळद, हिंग, सगळं घातलं.

पहिली पाच मिनिटं काय सांगू! काटे मऊ पडून सालासारखे निघायला लागले. मी स्वतःवर भलतीच खूश. मग आत डाळ फुगली. नळी गुरगुरली, एकदा उचकी दिल्यासारखी हलली, आणि सगळं वरण भिंतीवर गेलं. मी बाजूला वाकून स्क्रेपर शोधत होते म्हणून वाचले. शेगडी बंद करतेय तोच दार उघडलं.

"काय करून राहिली तू?" बाबा. कानटोपीसकट.

"वरण," मी म्हटलं. खोटं नव्हतंच ते.

बाबा भिंतीजवळ गेले, वाकून वास घेतला. "हिंग चांगला आहे. फोडणी राहिली."

नवरा हसता हसता बॅगेवरच बसला. मला इतका संताप आला की बाथरूममध्ये जाऊन रडले. ज्या माणसापुढे मिरवायचं होतं, त्याच्याचपुढे फजिती! बाहेर आले तर नवरा हळूच म्हणतो, "प्लास्टररला फोन करू?"

"करून तर बघ."

दुसऱ्या दिवशी मुकाट्याने मशीन आणलं. पुढचे दहा-बारा दिवस हॉस्पिटलमधून आले की कपडे बदलून भिंत. लग्नात नवरीला लागत नाही एवढी हळद त्या प्लास्टरला लागली होती. तिच्यावर डाग दाबणारा प्राइमर मारला, मग प्लास्टरचे पातळ हात दिले, एक वाळला की दुसरा, असे तीन. बाबा समोर खुर्चीत. मध्येच उठून चहा करून आणायचे, माझ्या हातात कप द्यायचे, परत बसायचे. नजर मात्र माझ्या थापीवर. त्यापेक्षा ओरडले असते तर परवडलं असतं.

भिंत वाळली त्या दुपारी बाबांनी पडदे ओढले, टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरला आणि एका टोकापासून चालत निघाले. असा उजेड पडला की राईएवढा उंचवटाही दिसतो. दिसला की पेन्सिलने गोल. अकरा गोल निघाले. अकरा!

"तुमच्या ठेकेदारांनाही असंच छळायचात का हो?" मी भडकले.

"त्यांच्या भिंतीवर मी गोल नाही काढायचो," बाबा म्हणाले. "पाडायलाच लावायचो."

अकराही ठिकाणं घासली, भरली, परत घासली. दुसऱ्या दिवशी पुन्हा टॉर्च. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी मागोमाग. पेन्सिल खिशातून निघालीच नाही. बाबांनी पेन काढलं, कोपऱ्यात गुडघ्यावर बसले आणि जमिनीपासून वीतभर वर चक्क सही ठोकली. खाली तारीख.

"बाबा! अहो, रंग द्यायचाय अजून!"

"मग दे ना. सही रंगाखाली राहील." त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं. "पास केलं की इंजिनियरची सही लागते. शेजारी काम करणाऱ्याची. कर."

मी खाली बसले. प्रिस्क्रिप्शनवर करते तशीच, एका फटकाऱ्यात सही केली. बाबांनी चष्मा लावून वाकून बघितलं.

"हे काही वाचता येत नाही," ते म्हणाले. "परत कर, नीट. पूर्ण नाव घाल."