चिमटाबाईंनी न काढलेला ब्रेकपॉइंट

नासलेल्या दुधाचा वास मला नवा नाही. डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासण्यात माझी उमर गेली. पण एका सकाळचा वास अजून डोक्यातून जात नाही, आणि त्यात दुधाचा दोष फारच थोडा होता.

आमच्या टाक्या थंड ठेवण्याचं काम एक स्क्रिप्ट करायची. काळ्या पडद्यावर चालणारा, चित्रं नाहीत की बटणं नाहीत, असा साधा प्रोग्रॅम. टाकीचं तापमान वाचायचं, वाढलं तर कॉम्प्रेसर सुरू करायचा, धोका वाटला तर घंटा वाजवायची. चूक शोधताना लोक अशा प्रोग्रॅममध्ये ब्रेकपॉइंट टाकतात, म्हणजे मुद्दाम घातलेला थांबा. प्रोग्रॅम तिथे येऊन उभा राहतो आणि कोणीतरी ‘पुढे चल’ असं टाइप करेपर्यंत ढिम्म हलत नाही. काम झालं की थांबा काढायचा असतो. आमच्या संगणकखोलीतली मंडळी मात्र तो तसाच टाकून घरी जायची. चहाचे उष्टे कपही तसेच टेबलावर, वर माशा. मला त्या खोलीत पाऊल टाकायची शिसारी यायची.

हे थांबे वेचून काढायची एकच बाई. सगळे तिला चिमटाबाई म्हणायचे. संध्याकाळी प्रत्येक फाइल उघडायची, दुसऱ्याची घाण निपटायची आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायची. “आपला शेंबूड आपण पुसावा, एवढंही शिकवलं नाही का कोणी घरी?” लोक फिदीफिदी हसायचे. ती काढेलच म्हणून आणखी टाकायचे.

तिच्या घरी आई अंथरुणाला खिळलेली. डेअरी घरापासून दोन गल्ल्यांवर, त्यामुळे दुपारी आईला भरवून ती परत येऊ शकायची. अशी नोकरी दुसरीकडे कुठे मिळणार? म्हणून ती इथे टिकून होती.

मग मालकांचे जावई संगणकखोलीचे साहेब झाले. अंगावर अत्तराचा मारा, आणि कामाच्या नावाने बोंब. चिमटाबाईंनी त्यांचा एक थांबा काढला तर केवढं आकांडतांडव! “माझ्या फाइलला हात लावायचा नाही,” म्हणाले, आणि टाक्यांच्या त्या फाइलमध्ये बदल करायचा तिचा हक्कच काढून घेतला.

त्यानंतर एका संध्याकाळी ती तणतणत माझ्या प्रयोगशाळेत आली आणि माझ्यासमोर, स्पीकर चालू ठेवून, तिने साहेबांना फोन लावला.

“साहेब, टाकीच्या स्क्रिप्टमध्ये तुमचा थांबा राहिलाय.”

“मी खिडकी बंद केली की. गेला तो.”

“डिबगरमध्ये, म्हणजे चूक शोधायच्या खिडकीत, टाकलेला तसा जातो. तुम्ही फाइलमध्येच लिहून ठेवलाय. पहाटे स्क्रिप्ट तिथे येऊन अडकणार. दूध राहील का सकाळपर्यंत?”

“असू दे हो. सकाळी येऊन काढतो.” मागे कोणीतरी पत्ते पिसत होतं. फोन बंद झाला, तो पुन्हा लागलाच नाही.

पहाटे स्क्रिप्ट थांब्यापाशी उभी राहिली. कॉम्प्रेसर गप्प. घंटा वाजवणारीही तीच, म्हणून घंटाही गप्प. सकाळी मी टाकीचं झाकण उघडलं आणि वासाने मागे सरकलो. दुधावर पिवळट गुठळ्या तरंगत होत्या.

साहेब आले, आणि आधी काय केलं असेल तर थांब्याची ती ओळ पुसून टाकली. मग मालकांना म्हणाले, “थांबे काढणं बाईंचं काम. त्यांनी हलगर्जीपणा केला.” खोलीतले सगळे, ज्यांची घाण ती रोज काढायची ते सगळे, जमिनीकडे बघत राहिले. मी फोनवर ऐकलेलं सांगायला गेलो तर मालक म्हणाले, “तुम्ही दूध हुंगा.” थुंकावंसं वाटलं मला.

चिमटाबाईंना त्याच दिवशी काढलं. तिला दूरवर दुसरी नोकरी मिळाली. दोन बस बदलून जायचं. दुपारी आईला शेजारीण भरवते, आठवण राहिली तर.

पुढे व्हायचं तेच झालं. स्क्रिप्ट पुन्हा अडली, एक टाकी नासली, बाकीच्या तापू लागल्या. साहेबांनी थांबे कुठे कुठे टाकलेत, ते त्यांचं त्यांनाच आठवेना. मालकांनी माझ्याच प्रयोगशाळेतून, स्पीकर चालू ठेवून, तिला फोन लावला. जावई शेजारी रुमालाने नाक दाबून उभे.

“बाई, जरा येऊन थांबे काढता का?”

“असू दे हो,” ती म्हणाली. “सकाळी येऊन काढते.”

“सकाळी? तोवर दूध राहील का?”

“मीही त्या संध्याकाळी हेच विचारलं होतं. उत्तर जावईबापूंचं आहे, मी फक्त परत केलं.”

मालकांनी जावयाकडे पाहिलं. जावयाने माझ्याकडे. मी मान हलवून होय म्हणालो, आणि या वेळी कोणी मला दूध हुंगायला सांगितलं नाही.

“परत या कामावर,” मालक हळू आवाजात म्हणाले. “आईजवळ राहता येईल तुम्हाला.”

फोनमध्ये मागून बसचा आवाज येत होता.

“नको. तो वास सहन होत नाही मला.”

“अहो, नासलेलं दूध ओतून टाकतो. टाक्या धुऊन घेतो.”

“मी दुधाबद्दल बोलत नाहीये,” ती म्हणाली.