भूलकाकूंची डुकरं

नवीन माणूस भेटलं की भूलकाकू नाव विचारायच्या आधी त्याच्या वजनाचा अंदाज बांधत. इंग्लंडमधल्या रीडिंग शहराच्या मराठी मंडळात मी पहिल्यांदा गेले, पदर सावरत नमस्कार केला, तर या बाई मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "बासष्ट. हाडं जड आहेत तुझी, घाबरू नकोस." अंदाज बरोबर होता, म्हणून तर जास्त राग आला. पुढे कळलं, की इथल्या हॉस्पिटलात पेशंटना भूल देण्यातच त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं आणि भुलीचा डोस वजनावर ठरतो. "वजन कळल्याशिवाय मी कुणाला हात लावत नाही," असं त्या ठणकावून सांगत. त्यांचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते फक्त पोस्टमनला ठाऊक असावं.

काका गेल्यावर त्या शहराबाहेरच्या एका गावात मोठ्या घरात एकट्याच राहत होत्या. घरामागे सफरचंदाची झाडं आणि कुंपण घातलेलं कुरण. कॅनडातला मुलगा दर रविवारी फोन करून घर विकायला सांगायचा. काकू म्हणायच्या, "फ्लॅटमध्ये काय करू? लोकांच्या गाड्या पार्क होताना बघत बसू? मला दारात काहीतरी जिवंत हवं." नेमकी त्याच सुमारास आमची सई, तेव्हा दहा वर्षांची, चहाच्या कपात मावणाऱ्या डुकराचा व्हिडिओ बघून हट्टाला पेटली होती. आमचं भाड्याचं घर, मागे हातरुमालाएवढी बाग. काकूंनीच तोडगा काढला. कुरण त्यांचं, हट्ट सईचा आणि गाडी चालवायला मी.

पहिल्याच ठिकाणी विकणाऱ्यानं सईच्या हातात गुलाबी पिल्लू ठेवलं आणि हे कायम एवढंच राहील म्हणून सांगितलं. सई विरघळली, मीही विरघळले. काकूंनी पिल्लाकडे बघितलंसुद्धा नाही. "याची आई दाखवा," त्या इंग्रजीत, पण ऑपरेशन थिएटरातल्या आवाजात म्हणाल्या. तो आढेवेढे घेऊ लागला. शेवटी शेडमागे आई दिसली, आमच्या सोफ्याएवढी. परतताना सई गाडीत मुसमुसत होती. काकू तिला म्हणाल्या, "अगं, पिल्लू सगळ्यांचंच लहान असतं. तुझी आईसुद्धा कधीतरी कुणाच्या मांडीवर मावत होती."

मग भाचीसाठी स्थळं बघावीत तशा त्या डुकरांच्या जाती बघू लागल्या. स्वभाव कसा, खाणं काय, मोठेपणी अंग किती धरतं. आमच्याच बर्कशायर परगण्याचं नाव मिरवणारं काळं डुक्कर पाहिलं, ते फारच आडवं वाढणारं निघालं. टॅमवर्थ नावाच्या, तांबूस केसांच्या आणि लांब नाकाच्या जातीपाशी मात्र काकू कुंपणाला टेकून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. ते बिलंदर जनावर तारेखालून निसटायची वाट शोधत होतं आणि काकू त्याला मनातून मदत करत होत्या. तरी घेतली ती कुनेकुने. मूळची न्यूझीलंडकडची, बुटकी, केसाळ, गवतावर राहणारी, पोट खाजवलं की जागच्या जागी आडवी होणारी. तीही दोन भावांची जोडी, कारण "एकट्या डुकराचं डोकं फिरतं, आणि एकट्या म्हातारीचंही."

"काकू, तुम्हाला तर ते लाल आवडलं होतं," मी म्हणाले.

"आवडलं ना. पण ही पंधरा-वीस वर्षं जगतात, मी काही तेवढी टिकत नाही. माझ्यामागे ही तुमच्याकडे यायची आहेत. सईला आवरतील अशीच घ्यायला हवीत."

व्हिसा, भाड्याचं घर, सगळं डोळ्यांपुढे आलं. "आत्ता हो म्हणू नकोस," काकू म्हणाल्या. "घाईतला होकार मला पेशंटकडूनही चालत नसे." पुन्हा त्यांनी हा विषय काढला नाही, पण माझ्या मनातून तो गेला नाही.

डुकरांची नावं सुरण आणि रताळं. त्या वर्षी गणपतीला माझी आई पुण्याहून आली होती. काकूंकडे आरती झाली, आईनं सवयीनं गायीसाठी नैवेद्याचं पान काढलं आणि गाय दिसेना म्हणून पुरणपोळी थेट सुरणापुढे नेली. काकू धावत सुटल्या. "अहो, थांबा! इललीगल आहे ते!" त्यांना ओरडताना मी तेवढं एकदाच ऐकलं. स्वयंपाकघरातून बाहेर आलेलं काहीही इथे डुकरांना घालता येत नाही, गाजराची सालंसुद्धा नाही, रोग पसरतात म्हणून.

"म्हणजे माझ्या पुरणानं रोग होतो?" आई फणकारली.

"तुमच्या पुरणानं नाही हो. पण साथ आली की सगळ्या गावाची जनावरं जातात," असं म्हणत काकूंनी तिला हाताला धरून बागेत नेलं आणि झाडावरचं सफरचंद तोडून दिलं. "हा नैवेद्य. घराचा उंबरा न ओलांडलेला." जन्मात कधी सोवळं-ओवळं न मानलेल्या या बाईनं डुकरांसाठी मात्र कडक सोवळं पाळलं. आई हे अजून पुण्यात सगळ्यांना सांगते, आणि कौतुकानं सांगते.

गेल्या वर्षी काकूंचं दुखणं बळावलं. मी हॉस्पिटलात गेले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "काकू, डुकरं आम्ही घेतोय. जवळच्या एका शेतकऱ्यानं कुरण भाड्यानं दिलंय. डुकरं हलवायच्या लायसन्सचंही झालंय." त्यांनी विचारलं, "विचार करून सांगतेयस ना?" "खूप विचार करून." "मग बरं," म्हणाल्या आणि माझा हात घट्ट धरून झोपी गेल्या. आठवडाभरात त्या गेल्या. इतकी धीराची बाई मी दुसरी पाहिली नाही.

डुकरं हलवायच्या दिवशी दोघंही ट्रेलरसमोर पाय रोवून उभी राहिली. शेतकऱ्यानं खाद्याची बादली वाजवली, चुचकारलं, मागून फळी लावून ढकललं. काही उपयोग होईना. काकू त्यांच्याशी कायम मराठीत बोलत, ते त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. तेव्हा घरी आमच्या प्रत्येक प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देणारी सई ट्रेलरच्या उतरत्या फळीवर जाऊन बसली आणि हळूच म्हणाली, "चला रे बाळांनो, चला. घाबरायचं नाही. मी आहे ना इथे." काकूंचाच सूर, तेच हेल. दोघं कान हलवत एकामागून एक चढली.

मी सफरचंदाच्या झाडाआड जाऊन पोटभर रडले. सई शोधत आली. "आई, चल ना," ती म्हणाली, "त्यांना तू पण पाहिजे."