मानेवरचा मळ

दादा गेला तेव्हापासून मला माणसांचे चेहरे आधी दिसत नाहीत, माना दिसतात. दिंडोशीला रिक्षाच्या रांगेत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, बँकेत. पुढच्याच्या मानेवर, कॉलरच्या वर, काळपट, जाडसर पट्टा आहे का, एवढंच मी बघते. असतोच कुणाच्या तरी. पूर्वी एवढ्या जणांना नव्हता की मलाच दिसत नव्हता, देव जाणे.

दादाच्या मानेवर तो कॉलेजपासून होता. आईच्या मते तो मळ. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला ती त्याला पाटावर बसवायची आणि उटणं लावून मान अशी घासायची की तो कळवळायचा. "एवढो मोठो घोडो, मान धुवूक येणा नाय," म्हणायची. मग डाळीचं पीठ, लिंबू, एकदा तर नारळाचा काथ्या. आम्ही हसायचो. त्याची ढेरी सुटली तेव्हा ती खूशच झाली. गिरणीत पाळ्या करून बाबा जन्मभर काटकुळे राहिले होते. मुलाच्या अंगी लागलं, याचं तिला कोण कौतुक.

हृदयविकाराचा पहिला झटका आला तेव्हा डॉक्टरबाईंनी त्याची मान बघून विचारलं, "हे कधीपासून?" तो मळ नव्हता. शरीराला साखर झेपेनाशी झाल्याची खूण होती, रिपोर्टात साखर दिसण्याच्या कितीतरी आधीची. पोट, बीपी, साखर, रक्तातली चरबी, सगळी एकमेकांचा हात धरून येतात, असं त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे आधी आजोबा यायचे, मग वडील यायला लागले, आता शाळेच्या गणवेशातली मुलं येतात. दुसऱ्या झटक्यात दादा गेला, पन्नाशीही न गाठता. मानेचं मी आईला सांगितलंच नाही. तिचं ते घासणं आठवलं की सांगणं राहूनच जायचं.

दादाचं वर्ष सरल्यावरची ही पहिली दिवाळी. माझी लेक नववीत आहे. आईने तिला पाटावर बसवलं, तेल लावलं, उटणं कालवलं, केस वर घेतले आणि थांबली. मी तांब्या घेऊन दारात उभी होते. जगाच्या माना बघत फिरणारी मी, घरातली मान केसांखाली झाकलेली राहिली.

"केवढो मळ गो हो," आई म्हणाली आणि घासायला लागली.

"आजी, दुखतंय ना. मळ नाहीये तो. आमच्या वर्गात बऱ्याच जणींना आहे."

पिंपल्सबद्दल बोलावं तितक्या सहज ती बोलली. आई घासतच राहिली. मान लाल झाली, पट्टा तसाच. क्षणभर मला तिथे दादा बसलेला दिसला, खांदे वर घेतलेला, दात आवळून ओरडणं थोपवणारा. मला भीती वाटली, अगदी लहानपणी अंधाराची वाटायची तशी. मी आईचं मनगट धरलं.

"सोड तिला, आई. मळ नाही तो. साखरेची खूण आहे. मी तिला डॉक्टरकडे नेणार आहे. अजून हातात वेळ आहे."

आईचा हात तसाच राहिला. ती लेकीच्या मानेकडे बघत होती. लेक आमच्या दोघींकडे वळून वळून बघायला लागली. मग माझ्याकडे न बघताच आईने हळू आवाजात विचारलं, "मगे तेच्या मानेवरचो?"