नाव यादीत होतं

फोन सईचा होता, वहिनीचा नव्हता, तिथेच मला कळायला हवं होतं. सई माझी भाची, दहावीतली पोर. एरवी ती मला फोन करते ते मैत्रिणींच्या तक्रारी सांगायला. त्या मंगळवारी सकाळी मी बदलापूरला आमच्या घरी डब्याच्या पोळ्या लाटत होते. "आत्या, बाबा उठत नाहीयेत," ती म्हणाली. एवढंच. आवाज अगदी सपाट... मागे वहिनी कुणाला तरी जोरजोरात हाका मारत होती, आणि ज्याला त्या हाका होत्या तो ओ देत नव्हता.

सुहासदादा माझा मावसभाऊ. अंबरनाथ पूर्वेला त्याचं घर. रिक्षा करून पोचले तेव्हा शेजारचे डॉक्टर जिना उतरत होते. त्यांनी मला पाहिलं आणि भिंतीकडे सरून वाट करून दिली. मंगळवार हा त्याचा डायलिसिसचा दिवस. उल्हासनगरला जायची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती, आणि तो पलंगावर कुशीवर झोपल्यासारखा होता. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर वहिनीला सांगून गेले होते. या आजारात असं होतं म्हणे.

घरात माणसं जमली. कुणीतरी तुळशीपत्र आणि चमचा आणून वहिनीच्या हातात दिला. इथे एक सांगायला हवं. ज्याच्या दोन्ही किडन्या गेलेल्या असतात त्याला पाणी मोजून प्यावं लागतं. सगळा दिवस तीन-चार कपांत काढायचा, चहा, ताक, आमटी सगळं त्यातच. भर उन्हाळ्यात मी त्याला नुसती चूळ भरून पाणी थुंकताना पाहिलंय. वर्षानुवर्षं तहानलेला माणूस होता तो. नीलिमावहिनीने हातातल्या चमच्याकडे पाहिलं, तो बाजूला ठेवला आणि स्वयंपाकघरातून तांब्या भरून आणला. "आता पिऊ दे त्यांना," ती म्हणाली. पाणी ओठांवरून ओघळलं, गालावरून उशीवर उतरलं, चादर भिजली... तांब्या रिकामा होईपर्यंत तिला कुणी अडवलं नाही.

आज दीड-दोन महिने झाले. लिहायला बसले की तो तांब्याच समोर येतो आणि मी उठून जाते. पण दादाबद्दल लिहायचं तर फक्त त्याच्या मरणाबद्दल लिहून चालणार नाही.

मी मूळची वांगणीची. बारावीनंतर कॉलेजसाठी मावशीकडे अंबरनाथला राहायला आले, तेव्हा दादा नुकताच एका औषध कंपनीत स्टोअर्सला लागला होता. उंच, किडकिडीत, जेवताना पेपर वाचणारा आणि भाजीत मीठ नसलं तरी न कळणारा. आठवडाभर कंपनी, आणि रविवारी टेनिस बॉलच्या मॅचेसना अंपायर. आमच्या या पट्ट्यात त्या टूर्नामेंट म्हणजे जत्राच. एकदा कुळगावच्या मैदानावर फायनल होती आणि आमच्याच गल्लीची टीम खेळत होती. कॅप्टन दादाचा जिवलग मित्र. शेवटच्या ओव्हरला तो धावला, क्रीझमध्ये पोचला असं आम्हा सगळ्यांना वाटलं, आणि दादाने बोट वर केलं. गल्लीतली पोरं मैदानात घुसली. त्याचा शर्ट फाटला, चष्मा तुटला, मित्राने पुढे वर्षभर अबोला धरला. रात्री मावशी त्याला वाढताना म्हणाली, "अरे, एवढंसं न बघितल्यासारखं केलं असतंस तर काय बिघडलं असतं?" दादा म्हणाला, "पण बघितलं ना मी." आणि भात मागितला. त्यात कसला आव नव्हता. त्याला खरंच दुसरं काही सुचलं नव्हतं.

चाळिशी ओलांडली आणि त्याचे पाय सुजायला लागले. आधी बूट घट्ट झाले असं वाटलं. मग धाप, मग उलट्या, मग तपासण्या. ब्लड प्रेशरने आतल्या आत दोन्ही किडन्या संपवल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, डायलिसिस सुरू करू आणि किडनी कोण देऊ शकेल ते बघा. मावशी-काका तोवर गेले होते, सख्खं भावंड त्याला नव्हतं. वहिनीला मधुमेह निघाला. सई लहान. मी पुढे झाले, पण माझा रक्तगट जुळला नाही. दादाचा ओ गट, त्याला ओ गटाचीच किडनी हवी. राहिला एकच रस्ता. मेंदू मृत झालेल्या कुणा अनोळखी माणसाच्या घरच्यांनी अवयव दिले तर ती किडनी मिळायची, आणि त्यासाठीच्या यादीत नाव घालून नंबर येण्याची वाट पाहायची.

त्याने नाव घातलं आणि वाट पाहू लागला. कंपनीने आधी हलकं काम दिलं, नंतर गोड बोलून घरी बसवलं. तो घरी गणिताच्या शिकवण्या घेऊ लागला. आठवड्यातून तीनदा उल्हासनगरचं डायलिसिस सेंटर. सुया टोचून टोचून डावा हात दोरखंडासारखा झाला होता. शेजारच्या बेडवर कापडाचे व्यापारी टेकचंदकाका असायचे. ते दर वेळी विचारायचे, "इन्विटेशन कार्ड आया क्या साईं, किडनी का?" आणि दादा म्हणायचा, "छपने को दिया है, काका." दोघं हसायचे. मला हसू यायचं नाही. मी विचारलं की तो म्हणायचा, "येईल गं वृंदे. आपल्या पुढे जे आहेत त्यांचीही कुणीतरी वाट बघतंय ना."

दुसऱ्या वर्षी वहिनीच्या भावाने, राजनने, एक माणूस शोधून आणला. राजन वाईट नाही. बहिणीचं कुंकू त्याला दिसत होतं. त्या माणसाचं म्हणणं असं, की ओ गटाची एक बाई पैशांसाठी तयार आहे, किडनी विकत घेणं कायद्यात बसत नाही म्हणून तिला कागदोपत्री वहिनीची सख्खी बहीण दाखवायचं, बाकी सगळं तो बघेल. दादा म्हणाला, मला आधी बाईंना भेटायचंय. उल्हासनगरात एका हॉटेलात भेट ठरली. वहिनीला बघवणार नव्हतं, म्हणून दादाबरोबर मी गेले.

ती तिशीच्या आतबाहेरची होती. जीन्सच्या कारखान्यात शिवलेल्या पँटींचे धागे कापायचं काम करायची, बोटांना निळा रंग चढलेला. बसल्या बसल्या तिने पाठ केलेलं म्हणायला सुरुवात केली, "मी नीलिमाताईंची धाकटी बहीण. आमच्या आईचं नाव..." दादाने तिला मध्येच थांबवलं.

"ताई, तुमचं स्वतःचं नाव काय?"

तिने त्या माणसाकडे पाहिलं. तो म्हणाला, "साहेब, नाव घेऊन काय करायचंय?"

"सुनीता," ती म्हणाली.

"सुनीताताई, किडनी काढल्यावर काही महिने जड उचलता येत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलंय? पुढे आयुष्यभर तपासण्या करत राहाव्या लागतात, हे सांगितलंय?"

तिने नकारार्थी मान हलवली. मग हळूच म्हणाली, "हे म्हनले का चार दिसांत कामाला जाता येतं. मग घरी बसायचं म्हंजे पोरांचं कसं?"

दादाने तिच्यासाठी खायला मागवलं आणि ती खाईपर्यंत तिच्या मुलांची चौकशी करत बसला. निघताना त्या माणसाला म्हणाला, "माझं नाव यादीत आहे. मी थांबतो." हॉटेलबाहेर आल्यावर त्याला चक्कर आली. तो एका दुकानाच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "वृंदे, मी नाही म्हटलं म्हणून ती वाचली असं नाही. तो तिला दुसऱ्या कुणाकडे नेईल." त्याचा चेहरा तेव्हा जसा झाला होता तसा मी त्याच्या आजारपणात कधी पाहिला नाही.

घरी वहिनी दारातच उभी होती. तिला सगळं चेहऱ्यावरून कळलं. "तुमचं तत्त्व तुमच्यापाशी ठेवा," ती म्हणाली. "मला नवरा हवाय. सईला बाप हवाय."

दादा म्हणाला, "मलाही जगायचंय गं."

"मग जगा ना."

"तिला तुझी खोटी बहीण करून, तिला फसवून... नंतर रोज आरशात बघून दाढी कशी करू?"

वहिनी आत गेली. नंतर कित्येक दिवस त्या घरात फक्त कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत. ती त्याचं पथ्याचं करायची, रक्ताचे रिपोर्ट आणायची, पण बोलायची नाही. मला वहिनी तेव्हा चुकीची वाटली नाही, आणि आजही वाटत नाही. तिच्या जागी मी असते तर कदाचित त्याचे पाय धरले असते.

त्यानंतर मुंबईच्या हॉस्पिटलातून फोन आला. एक किडनी मिळतेय, गट जुळतोय, ताबडतोब या. राजननेच गाडी काढली. तिथे गेल्यावर कळलं की दादाच्या आधी एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा नंबर आहे. तिच्या रक्ताशी जुळलं नाही तर दादा. तिचं जुळलं. परत येताना वहिनी खिडकीकडे तोंड करून रडत होती. कल्याण मागे पडलं तेव्हा दादा म्हणाला, "पोरगी उद्यापासून पाणी पिईल पोटभर." थोड्या वेळाने राजनने गाडी बाजूला घेतली, खाली उतरला आणि गाडीला टेकून लहान मुलासारखा रडला.

दुसरा फोन यायला खूप काळ गेला. या वेळी यादीत दादाच पहिला होता. आणि त्याला ताप होता. दोन दिवस अंगात कणकण होती, थंडी वाजत होती. मी तिथेच होते. हॉस्पिटलच्या समन्वयक बाईंनी फोनवर नेहमीचे प्रश्न विचारायला सुरुवात केली. वहिनीने हातानेच खूण केली, सांगू नका. तिच्या दुसऱ्या हातात तापाची गोळी तयार होती. दादाने तिच्याकडे बघितलं. मग फोनमध्ये म्हणाला, "मॅडम, ताप आहे. परवापासून. थंडी वाजून येतोय."

मग त्या म्हणाल्या की अशा तापात ऑपरेशन करता येणार नाही, पुढच्या पेशंटला बोलवावं लागेल.

"लवकर बोलवा," दादा म्हणाला. "वेळ नका घालवू."

त्याने फोन ठेवला. मला वाटलं आता वहिनी काहीतरी बोलेल, भांडं आपटेल. ती स्वयंपाकघरात गेली, पातेल्यात पाणी आणि फडकं घेऊन आली आणि त्याच्या कपाळावर पट्टी ठेवली. दादा म्हणाला, "खोटं सांगून गेलो असतो, आणि ती किडनी माझ्या अंगात वाया गेली असती तर..."

"कळलं मला," वहिनी म्हणाली. "डोळे मिटा आता."

ताप उतरला. तो पुन्हा सेंटरला जाऊ लागला, पुन्हा शिकवण्या घेऊ लागला. नंबर वरचाच होता, कधीही फोन येईल असं सगळे म्हणत होते. सईची दहावी संपली की सगळ्यांनी कोकणात जायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. आणि मग तो मंगळवार आला...

त्या सकाळी, डॉक्टर गेल्यावर थोड्याच वेळात, वहिनीने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "वृंदा, नेत्रपेढीला फोन लाव. उशीर झाला तर चालत नाही म्हणे." मी फोन हातात घेतला. नातेवाइकांत कुजबुज झाली, कुणी म्हणालं आता हे कशाला. ती म्हणाली, "यांनी इतकी वर्षं कुणाच्या तरी घरच्यांनी हो म्हणावं म्हणून वाट बघितली. आज आपल्या घरी हो म्हणायची वेळ आलीय, तर मी नाही म्हणू?" नेत्रपेढीची माणसं आली. आतल्या खोलीचं दार थोडा वेळ बंद झालं आणि उघडलं. डोळे कुठे, कुणाला मिळाले ते सांगत नाहीत. सांगू नयेच.

लोक मला म्हणतात, तो समाधानाने गेला. मला तसं म्हणवत नाही. त्याला जगायचं होतं. त्याने सगळं सरळ केलं आणि त्याची पाळी आलीच नाही, याचा मला राग आहे, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही. देवापुढे दिवा लावते, पण मागणं काही सुचत नाही.

गेल्या आठवड्यात वहिनीने बोलावलं. फ्रिजमध्ये दादाची रक्तवाढीची इंजेक्शनं शिल्लक होती. ती सेंटरला देऊन टाकावीत, कुणाला तरी उपयोगी पडतील, पण एकटीने जायचं धाडस होत नाही, असं म्हणाली. आम्ही दोघी उल्हासनगरला गेलो. तीच एसीची थंडी, तोच मशीनचा घरघराट. टेकचंदकाकांनी वहिनीला पाहून हात जोडले आणि तोंड फिरवलं. खिडकीजवळच्या, दादाच्या बेडवर एक नवी मुलगी होती, लग्नाला फार वर्षं झालेली नसावीत. बहुधा पहिलीच वेळ. नळ्यांतून फिरणारं स्वतःचं रक्त दिसू नये म्हणून तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते. वहिनीने इंजेक्शनं सिस्टरच्या हातात दिली. मला वाटलं झालं, आता निघू. पण ती त्या बेडशी जाऊन उभी राहिली.

"पायाला गोळे आले तर लगेच सांगायचं हं," ती म्हणाली. "सहन करत बसायचं नाही. आमचे हे इथेच असायचे."

मुलीने डोळे उघडले. "झालं का त्यांचं ऑपरेशन?" तिने विचारलं. इतक्या आशेने विचारलं की मी खिडकीबाहेर पाहू लागले.

"नाही," वहिनी म्हणाली. "नंबर यायचा होता. त्याआधीच ते गेले."

मुलीचा चेहरा उतरला. वहिनीने कोपऱ्यातलं स्टूल ओढून घेतलं आणि तिच्या उशाशी बसली.

"तुमचं नाव यादीत घातलंय का?" तिने विचारलं.

मुलीने मानेनेच नाही म्हटलं.

"मग घाला," वहिनी म्हणाली. "आजच घाला. कसं घालायचं ते मी सांगते."