निजवल्याशिवाय पेटीत नाही

"फळ्या उन्हात टाकल्यास का?" पद्माअक्कांनी मला विचारलेला हा शेवटचा प्रश्न. अण्णा नगरच्या हॉस्पिटलात, नाकाला नळी, हाताला सुई, आणि बाईंना काळजी कसली, तर कोलूच्या फळ्यांची! मी म्हटलं, "अक्का, नवरात्राला अजून दोन महिने आहेत." त्यांनी डोळे न उघडताच मान हलवली. तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाई त्या, मठ्ठ मुलाचं उत्तर ऐकून अशीच मान हलवत असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेथी निवडत बसले होते आणि मुरलीचा फोन आला. मुरली त्यांचा एकुलता एक मुलगा, मस्कतला असतो, आदल्या दिवशीच येऊन पोहोचला होता. "अम्मा गेली," एवढंच म्हणाला. या गोष्टीला आज पाच आठवडे झाले. मेथी तशीच टाकून मी आधी गच्चीत गेले होते, हे कुणाला सांगितलं तर वेडी म्हणतील. पण गेले होते खरी. अक्कांच्या घरातल्या फळ्या वर नेऊन उन्हात घातल्या आणि मगच हॉस्पिटलला निघाले.

बावीस वर्षांपूर्वी नवऱ्याची रेल्वेतली बदली झाली म्हणून मी सांगली सोडून चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीत आले. तमिळचा गंध नाही, भाजीवाल्याशी खाणाखुणांनी बोलायचं, आणि दुपारी घरात बसून रडायचं. एकदा जिन्यात पिशवी फाटून बटाटे गडगडत खालच्या मजल्यावर गेले, आणि खालच्या दारातून कुणीतरी म्हणालं, "रडू नक्को गे, बटाटे अस्के हितंच हायेत." मी रडायचं विसरले. मराठी! पण कसली मराठी, 'सगळे'ला 'अस्के' म्हणणारी... जुन्या पोथीतून उठून कुणी बोलावं तशी, आणि सूर मात्र अस्सल तमिळ. अक्का तंजावरकडच्या. त्यांच्या घराण्याला इकडे येऊन किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही मोजता येत नव्हतं. मी एकदा त्यांची भाषा सुधारायला गेले तर म्हणाल्या, "माझी मराठी तुझ्याहून जुनी. चूक असेल तर तुझी असेल." त्यानंतर मी तो नाद सोडला. त्यांच्या हातची कापी, म्हणजे आपली फिल्टरची कॉफी, रोज चार वाजता मला मिळायला लागली आणि माझं रडणं हळूहळू बंद झालं.

आपल्याकडे नवरात्रात घट बसतात, तसा इकडे कोलू मांडतात. लाकडी फळ्यांच्या पायऱ्या करायच्या, त्यांवर पांढरं धोतर अंथरायचं आणि बाहुल्या मांडायच्या. वर देव, मधे साधुसंत, खाली माणसं, दुकानं, लग्नाच्या वराती. नऊ दिवस संध्याकाळी बायका येतात, गाणं म्हणतात, हळदीकुंकू आणि उसळीचा द्रोण घेऊन जातात. दरवर्षी एक तरी नवी बाहुली यायलाच हवी. आणि सगळ्यांत मानाची जागा तांबड्या लाकडाच्या एका जोडीची, राजा-राणीची. ती आई मुलीला लग्नात देते. अक्कांची जोडी त्यांच्या आजीची होती. राणीचं नाक झिजून सपाट झालेलं. अक्का म्हणायच्या, "नाक नाही म्हणून काय झालं, मान बघ कशी ताठ."

अक्कांची स्वतःची मानही तशीच. नवरा गेला त्या वर्षी रीतीप्रमाणे कोलू बंद राहिला. पुढच्या वर्षी त्यांनी फळ्या काढल्या तर नणंद येऊन बसली. विधवेनं कोलू मांडू नये, लोक काय म्हणतील, वगैरे. अक्कांनी तिला आधी कापी दिली आणि मग म्हणाल्या, "नवरा माझा गेला. बाहुल्यांचा नाही." त्या वर्षी चारच बायका आल्या. त्यांतली एक मी. अक्कांनी स्वतःच्या हाताने आम्हाला कुंकू लावलं. पुढच्या वर्षी अकरा आल्या, त्यानंतर मोजायचं कारण उरलं नाही. पण ते एक बंद राहिलेलं वर्ष त्यांना सलत राहिलं. "एक गेलं, आता दुसरं जाऊ देणार नाही," असं त्या दर नवरात्रात म्हणायच्या. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसांचा हट्ट. हट्ट होताच, पण तो किती खोल होता ते मला त्या कोरोनाच्या वर्षी कळलं.

दुसरी लाट ओसरल्यावर विमानं थोडीफार सुरू झाली आणि मुरलीने त्यांना मस्कतला नेलं. दोन महिन्यांसाठी म्हणून. पण तिथं गेल्यावर त्याने हळूच विषय काढला, की आता इकडेच राहा, ते घर काढून टाकू, एकटी कशाला राहतेस. त्याचं काही चुकत होतं असं मी म्हणणार नाही. आमच्या गल्लीतूनच त्या उन्हाळ्यात किती माणसं गेली होती. अक्कांनी नवरात्राच्या दोन दिवस आधीचं परतीचं तिकीट मात्र बदलू दिलं नाही. तेव्हा विमानात बसायच्या आधी तपासणी करून घ्यावी लागे. नाकात काडी घातली, अहवाल आला, पॉझिटिव्ह. ना ताप, ना खोकला. त्यांनी मला फोन केला तेव्हा आवाज खणखणीत होता. "जन्मभर दुसऱ्यांचे पेपर तपासले. आज माझा तपासला आणि मी नापास." मी हसले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "शैला, मुरली म्हणतो, देवाचीच इच्छा दिसते, राहा. मला ठाऊक आहे, यंदा कोलू चुकला की माझं घर सुटलं. मग मी येत नाही. तुझ्याकडं किल्ली आहे की नाही?"

किल्ली होती. कोलूची अक्कल नव्हती. पण त्या आवाजाला नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. मस्कतला त्या एका खोलीत कोंडून घेतलेल्या, जेवणाचं ताट दाराबाहेर यायचं, आणि मी इथं त्यांच्या घरात स्टुलावर चढलेली, फोन समोर खिडकीत उभा केलेला. पदर खोचून कामाला लागले आणि पहिल्याच दिवशी घामाघूम झाले. "फळी वाकडी आहे." "अक्का, तुम्हाला फोनमधून वाकडी कशी दिसते?" "तू बोलू नक्को, डावीकडून उचल." पायऱ्या विषमच हव्यात म्हणून सातच करायच्या, आठवी फळी उरली तरी लावायची नाही. मातीची क्रिकेटची टीम मी हौसेने वरच्या पायरीवर मांडली तर केवढ्याने ओरडल्या! "देवांच्या डोक्यावर क्रिकेट कसाला? खाली, खाली!" मी टीम खाली घेतली. नऊ दिवस रोज सकाळी हा तास चालायचा. संध्याकाळी मी उसळ करायची, मास्क लावून दोन-दोन बायका यायच्या, आणि खिडकीतल्या फोनमधून अक्का प्रत्येकीची विचारपूस करायच्या. मुरली एकदा मागून म्हणाला, "अम्मा, विश्रांती घे." त्यावर, "विश्रांतीच तर घेते आहे, दार बंद आहे ना माझं," असं त्यांचं उत्तर. फोन बंद झाला की मला खूप वाईट वाटायचं. त्या खोलीत त्या एकट्याच उरायच्या.

दहा दिवस पुरे होत आले तेव्हा पुन्हा काडी. ऐन अष्टमीला अहवाल आला, निगेटिव्ह. मुरलीने शेवटचा प्रयत्न केला म्हणे, की आता सण तर झालाच, पुढच्या महिन्यात जा. अक्का बॅग भरून दारापाशी खुर्ची टाकून बसल्या. खाणं-पिणं सगळं त्या खुर्चीत. शेवटी त्यानेच तिकीट काढलं, दसऱ्याच्या दिवशी संध्याकाळी घरी पोहोचतील असं.

आणि इथं मी माती खाल्ली. दसऱ्याला सकाळी मी माझ्या घरचे घट उठवले. नऊ माळा झाल्या, घट हलवला की सगळं आवरायचं, हे माझ्या हाडात मुरलेलं. त्याच ओघात खाली गेले. म्हटलं, अक्का दमून येतील, घर कसं लख्ख दिसलं पाहिजे. कोलूपुढचा कलश हलवला, एकेक बाहुली जुन्या साड्यांत गुंडाळली, पत्र्याच्या पेटीत भरली, फळ्या पुसून भिंतीला लावल्या, लादी पुसली. दाराला झेंडूचं तोरणसुद्धा लावलं. स्वतःवर इतकी खूष झाले होते म्हणून सांगू! संध्याकाळी सहाला टॅक्सी आली. अक्का जिना चढून आल्या, तोंडावर मास्क, एका हातात पर्स, दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. दारातून त्यांनी आत पाहिलं. रिकामी भिंत.

"बाहुल्या कुठं?"

"पेटीत... आवरल्या ना सकाळी. दसरा आहे."

"निजवलंस का त्यांला?"

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. दसऱ्याच्या संध्याकाळी त्या जोडीला आडवं करून निजवायचं, रात्रभर कोलू तसाच ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी पेटी. "पाहुण्याला ये-जा न म्हणता पाठवतात का गे?" असं म्हणून त्या खाली बसल्या, आणि जी बाई दहा दिवस कोंडून घेऊन रडली नव्हती, ती रडली. मीही रडायला लागले. केलं ते काय केलं, त्यांच्या साऱ्या हट्टावर मी बोळा फिरवला, असं होऊन गेलं मला. पण अक्कांचं रडणं दोनच मिनिटांचं. मास्क न काढताच त्यांनी डोळे पुसले, पदर खोचला आणि म्हणाल्या, "सरी, बरं. काढ."

"सगळ्या?"

"अस्क्या. नवी बाहुली बसायची आहे."

कागदात उंट होता. मस्कतच्या दुकानातला, प्लॅस्टिकचा, डोळ्यांत भाबडा भाव असलेला. वेगळं राहायचं म्हणून त्या एका भिंतीशी, मी दुसऱ्या भिंतीशी, दोघींना मास्क, खिडक्या सताड उघड्या, अशा आम्ही पुन्हा सात पायऱ्या चढवल्या. नऊ दिवस ओरडा खाल्लेला असल्यामुळे कुठली बाहुली कुठं, हे मला तोंडपाठ होतं. दीड तासात कोलू उभा. उंट सगळ्यांत खाली, क्रिकेटच्या टीमशेजारी बसला. नवव्या दिवसाची आरती दहाव्या दिवशी झाली. मग अक्कांनी त्या तांबड्या जोडीला हळूच आडवं केलं, अंगावर आपल्या जुन्या साडीचा तुकडा घातला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आता मी घरी आले."

त्यानंतर मुरलीने घराचा विषय कधीच काढला नाही. परवा सगळे विधी आटोपल्यावर तो माझ्याकडे येऊन बसला तेव्हा म्हणाला, "त्या वर्षी मी अम्माला ठेवून घेतलं असतं, तर ती त्याच वर्षी गेली असती." मी त्याला नाही म्हटलं नाही. मग त्याने पेटीचं विचारलं. त्यांच्यात आता वर्षभर सण नाही, घराला कुलूप लागणार. दुसरं वर्ष जाणार, हे त्याच्याही मनात आलं होतं.

तेव्हा मी त्याला हॉस्पिटलातलं राहिलेलं सांगितलं. फळ्यांचं विचारून झाल्यावर अक्का थोडा वेळ पडून राहिल्या होत्या. मग माझं मनगट धरलं. हातात जोर नव्हता, पण आवाजात होता. "शैला, मी गेले की मुरलीला वर्ष पाळायचं आहे. नणंदेकडं पाळायचं आहे. आमच्यात अस्क्यांनी पाळायचं आहे." दम लागला म्हणून थांबल्या... "तू माझी कोणी नाहीस. तुला सूतक नाही. म्हणून फळ्या तुझ्या घरी ने." मी रागावले होते त्यांच्यावर. असलं काही बोलू नका म्हटलं, आणि पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर जाऊन उभी राहिले. बावीस वर्षं मी त्या घरात मुलीसारखी वावरले, आणि शेवटी काय, तर तू माझी कोणी नाहीस! ते वाक्य मला लागलं होतं. त्या बाईंनी गणित किती आधीपासून मांडून ठेवलं होतं, ते घरी गेल्यावर कळलं. नात्यातल्या कुणाला जे करता येणार नाही, त्यासाठी त्यांनी मला परकी ठेवलं होतं.

मुरलीने आणि माझ्या नवऱ्याने मिळून पेटी वर आणली. ती आता माझ्या खाटेखाली आहे. काल उघडून पाहिली. सगळ्यांत वर तांबडी जोडी, गेल्या दसऱ्याला अक्कांनीच निजवलेली, साडीच्या त्याच तुकड्यात. राणीचं नाक सपाट, मान ताठ. बाजूला उंट. अजून उठवलं नाही मी त्यांना, वीस दिवस आहेत. यंदाची नवी बाहुली अजून घ्यायची आहे, सातव्या फळीला एक खिळा मारायचा आहे. घट माझे नेहमीसारखे बसतील, शेजारी कोलू बसेल. दसऱ्याला सकाळी घट उठतील. पण बाहुल्यांना मी हात लावणार नाही. संध्याकाळ होऊ दे.